ॲपल व्हिजन प्रो येतोय. कोल्हापुरात त्याचं काम काय?

साचेवाला | २० जानेवारी २०२४, रात्री ९.४०

काल आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसहाला अमेरिकेत ॲपल व्हिजन प्रो या डोळ्यांवर लावायच्या हेडसेटची आगाऊ नोंदणी सुरू झाली. २ फेब्रुवारीला तो तिथल्या दुकानांत येणार. जून २०२३ मध्ये पहिल्यांदा दाखवला तेव्हापासून उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर त्याची चर्चा ऐकतोय, आणि दरवेळी किंमत निघाली की विषय संपतो. ३,४९९ डॉलर, म्हणजे आजच्या भावाने २ लाख ९० हजारांच्या घरात. महाग आहे, वाद नाही. पण पहिला कॉम्प्युटरही कोल्हापुरात कुणी स्वस्त म्हणून आणला नव्हता. तेव्हा किंमत जरा बाजूला ठेवून बोलूया, म्हणून धागा काढला.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) लावलं की आपली खोली दिसेनाशी होते. मिक्स्ड रिअॅलिटीत बाहेरचे कॅमेरे आपलीच खोली टिपतात, ती डोळ्यांपुढच्या दोन पडद्यांवर दिसते, आणि त्या खोलीत कॉम्प्युटरने तयार केलेली वस्तू मांडून ठेवल्यासारखी दिसते. दोन्ही पडद्यांचे मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल. आर१ नावाची वेगळी चिप कॅमेऱ्यातलं चित्र १२ मिलिसेकंदांत डोळ्यांपुढे आणते, असं कंपनी सांगते. हातात काही धरायचं नाही. ज्याच्याकडे बघाल ते निवडलं जातं, अंगठा आणि बोट जुळवलं की क्लिक.

आता माझा मुद्दा. मी पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या लाकडी नमुन्यांच्या धंद्यात. परवा एका पंपाच्या केसिंगचं (बाहेरच्या कवचाचं) ड्रॉइंग आलं, मोबाइलवर पीडीएफ. आत पाणी फिरायला शंखासारखी पोकळी. बीड ओतताना ती पोकळी कोअरने, म्हणजे साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्याने राखायची. कोअर कुठे बसणार, त्याला टेकायला कोअर प्रिंट किती ठेवायची, साचा जिथे दोन भागांत उघडतो ती पार्टिंग लाइन कुठून न्यायची, बिडाचं १ टक्का आकुंचन धरून लाकूड किती वाढवायचं, हे जुन्या मिस्त्रींना कागदावरच्या तीन व्ह्यूमधून दिसतं. नव्या पोराला दिसत नाही. कॉम्प्युटरवर थ्रीडी फिरवून दाखवलं तर आकार कळतो, पण अंदाज येत नाही. पंधरा इंची पडद्यावर सहा इंची वस्तू आणि तीन फुटी वस्तू सारखीच दिसते.

तीच केसिंग बाकावर, आहे त्या मापात दिसली, वाकून आत डोकावता आलं, कोअर उचलून बाजूला ठेवता आला, तर पोरगं एका बैठकीत समजून घेईल. मला या यंत्रात एवढीच एक गोष्ट मोलाची वाटते: वस्तू खऱ्या मापात समोर येणं. सिनेमा मोठ्या पडद्यावर बघणं वगैरे ठीक आहे, त्यासाठी टीव्ही आहेत.

तुमच्या कामात अशी कुठली गोष्ट आहे का, जी खऱ्या मापात दिसल्याशिवाय कळत नाही? त्यावर बोला.


बिंदू_चौक | २० जानेवारी, रात्री १०.१५

वाचतोय. धागा चांगला आहे. किंमत बाजूला ठेवा म्हणालात तरी ठेवता येत नाही ओ, कारण शिकणारी पोरं चार असली तर चार घ्यावे लागतील.


साचेवाला | २० जानेवारी, रात्री १०.३०

एकच घ्यायचा आणि पाळीपाळीने बघायचं. आमच्याकडे सगळी महागडी मापनयंत्रं तशीच वापरतात.


कॅलिफोर्नियाकर | २१ जानेवारी, सकाळी ७.०५

मूळचा साकोली कॉर्नरचा, सध्या बे एरियात. गावाकडून दोन-तीन जणांचे मेसेज आलेत, "येताना घेऊन ये" म्हणून. नीट वाचून घ्या, मग ठरवा.

दुकानात तो सगळ्यांना एकाच मापाचा मिळत नाही. आयफोनने चेहरा स्कॅन करून त्यावरून चेहऱ्याला टेकणारं आवरण आणि पट्टा ठरतो. माझ्या चेहऱ्याचं घेऊन आलो तर तुमच्या गालापाशी फट राहील आणि उजेड आत येईल. त्यामुळे साचेवाल्यांचं "एक घ्या, पाळीपाळीने बघा" इथे अवघड आहे; वेगवेगळ्या मापांची आवरणं वेगळी विकत घ्यावी लागतील.

चष्मा लावून तो घालता येत नाही. झाइसच्या चुंबकाने बसणाऱ्या काचा घ्याव्या लागतात: फक्त वाचायचा नंबर असेल तर ९९ डॉलर, बाकी नंबरासाठी १४९. त्यासाठी प्रिस्क्रिप्शन अमेरिकेतल्या डॉक्टरचं लागतं. ॲप घ्यायची तर ॲपल आयडी अमेरिकेचा हवा. भाषा सध्या फक्त अमेरिकन इंग्रजी. दुरुस्तीही इथेच.

वर कस्टम. भारतीय प्रवाशाला ५० हजारांपर्यंत सूट, त्यापुढच्या रकमेवर सरचार्ज धरून ३८.५ टक्के. लॅपटॉप एक सोडतात, हेडसेटला ती सवलत नाही. म्हणजे साधारण ९२ हजार विमानतळावर. इथला विक्रीकर वेगळा. सगळं मिळून ४ लाखांच्या आसपास पोचतं, आणि बिघडला तर परत अमेरिकेला.

मी आणणार नाही, आणि हे प्रेमापोटी सांगतोय. दुकानात बघायला मिळाला की इथे सविस्तर लिहीन.


नंबर_तपासणी | २१ जानेवारी, दुपारी १.२०

चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलं, म्हणून डोळ्यांबद्दल लिहितो. हा विषय बातम्यांत दोन ओळींत उरकतात, पण विकत घेणाऱ्याने आधी हाच समजून घ्यावा.

आपण जवळची वस्तू बघतो तेव्हा डोळे दोन कामं एकाच वेळी करतात. दोन्ही बुबुळं आतल्या बाजूला वळतात, आणि डोळ्यातलं भिंग फुगून फोकस जुळवतं. अगदी लहानपणापासून ही दोन्ही कामं जोडीने होतात. हेडसेटमध्ये पडदा डोळ्यांपासून बोटभर अंतरावर असतो, पण मधल्या भिंगांमुळे तो मीटर-दीड मीटर लांब असल्यासारखा भासतो. फोकस तिथेच अडकलेला. आता साचेवाल्यांची केसिंग हातभर अंतरावर आली की बुबुळं हातभरावर वळतात, फोकस मात्र लांबच राहतो. जोडी तुटते. त्यातून डोळे जड होणं, कपाळ ठणकणं, मळमळणं. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याला ते जाणवतं. हा दोष एका कंपनीचा नाही, आज बाजारात असलेल्या जवळपास सगळ्या हेडसेटचा आहे.

म्हणून कारखान्यात वापरायचा विचार असेल तर माझा सल्ला: वस्तू तोंडाजवळ आणून बघू नका, दोन पावलं मागे उभं राहून बघा. मध्ये मध्ये काढा आणि खिडकीतून लांब बघा. ज्यांचा एक डोळा लहानपणापासून अधू आहे त्यांना वस्तूचं जवळ-लांबपण नीट जाणवणार नाही, त्यांच्यावर "तुला कळत नाही" म्हणून चिडू नका. आपल्याकडे असे लोक कितीतरी आहेत, आणि अनेकांना स्वतःलाच ते माहीत नसतं.

मुलांबाबत, ॲपलने १३ वर्षांखालच्यांना नको म्हटलंय. मेटाने (फेसबुकवाली कंपनी) गेल्या वर्षी आपल्या क्वेस्ट हेडसेटसाठी ही मर्यादा पालकांच्या देखरेखीखाली १० वर्षांपर्यंत खाली आणलं. मला स्वतःला १३ची मर्यादा बरी वाटते.


शाहूपुरीची_आई | २१ जानेवारी, दुपारी ४.४५

नंबर_तपासणी काका, मनापासून आभार. मुलगा नववीत आहे आणि घरात रोज हाच विषय.

मला दुसरं काहीतरी सांगायचंय. या आठवड्यात नणंदेकडे हळदीकुंकू होतं. तिचा पुतण्या पुण्याहून आलेला, त्याच्याकडे मेटाचा क्वेस्ट ३. तो सोफ्यावर ते घालून बसला होता. आम्ही बायका वाण घेतोय, ओटी भरतोय, आणि तो आमच्याकडे तोंड करून बसलाय. डोळे दिसत नाहीत. तो आम्हाला बघतोय, गेम बघतोय की शूटिंग करतोय, काही कळेना. नणंदेच्या सासूबाईंनी पदर सावरला आणि उठून आत गेल्या. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, रेकॉर्डिंग चालू असलं की पुढे बारीक दिवा लागतो. आता सत्तरीतल्या बाईला तो दिवा काय कळणार?

मुलगा चांगला आहे, त्याच्या मनात काही नव्हतं. पण ज्या घरात दहा माणसं आहेत तिथे एकाने कॅमेरे तोंडावर लावायचे तर बाकी नऊ जणांना विचारायला हवं, एवढं माझं ठाम मत आहे. मोबाइल निदान हातात वर धरलेला दिसतो.


कळंबा_नाका | २१ जानेवारी, सायंकाळी ६.३०

ताई, बरोबर आहे. व्हिजन प्रोला बाहेरच्या बाजूलाही पडदा आहे, त्यावर घालणाऱ्याचे डोळे दाखवतात, म्हणजे समोरच्याला कळावं म्हणून. तुम्ही जे लिहिलंय तीच अडचण त्यांनी ओळखलेली दिसते. सासूबाईंना बरं वाटेल का, ते सांगता येत नाही.

माझ्याकडे क्वेस्ट ३ आहे, ऑक्टोबरात निघाला तो. अमेरिकेत ४९९ डॉलर, वजन ५१५ ग्रॅम. आपल्याकडे अधिकृत विक्री नाही, नातेवाइकांकडून मागवला. साचेवाले, तुमचा धागा वाचून आज मुद्दाम करून बघितलं. एका फ्लँजचं (पाइप जोडायच्या, बोल्टची छिद्रं असलेल्या चकतीचं) मॉडेल उघडलं, टेबलावर ठेवलं, खऱ्या मापाला लावलं. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून कॅमेऱ्यातूनच मोजलं. समोरून माप जुळल्यासारखं वाटतं. बाजूला जाऊन बघितलं की कडा काही मिलिमीटर सरकलेली. टेबलाला फेरी मारून परत आलो तर पुन्हा किंचित हललेली. आणि हात पुढे नेला की बोटांभोवतीचं चित्र पाण्यातून बघितल्यासारखं वाकतं.

समजायला उत्तम. माझा मेहुणा शाळेत शिकवतो, त्याला फ्लँजची बाजू, मधलं मोठं भोक (बोअर), बोल्टची छिद्रं एका नजरेत कळली. पण यावरून माप घेऊन लाकूड कापाल तर वाया जाईल.


साचेवाला | २१ जानेवारी, रात्री ८.५०

हे फार कामाचं लिहिलंत. माप तर व्हर्नियर आणि ड्रॉइंगवरूनच घ्यायचं, त्यात बदल नाही. मला पोराच्या डोक्यात वस्तू उभी करायची आहे. आणि ते ५०० डॉलरच्या यंत्रात होत असेल तर ३,५००चं कशाला, हा प्रश्न आता मलाच पडलाय.


आयटीआय_फिटर | २२ जानेवारी, सकाळी ८.१०

दादा, पोरांना शिकवायचं काम माझं रोजचं आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. वर्गात बसवून दाखवा, भट्टीजवळ नेऊ नका.

कारण असं. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ पारदर्शक काचेचा आहे. वजन ५६६ ग्रॅम. काचेतून खरं जग थेट दिसतं, चित्र त्यावर उमटतं. बॅटरी गेली तर चित्र जातं, जग दिसत राहतं. व्हिजन प्रो आणि क्वेस्टमध्ये तुम्ही जग कॅमेऱ्यातून बघताय. ते अडकलं, हँग झालं, बॅटरी गेली, की डोळ्यांपुढे अंधार. शेजारी लेथ चालू आहे, पायाखाली गरम कास्टिंग पडलंय आणि पोराला दिसत नाही. ॲपलनेही अवजड यंत्रं चालवताना घालू नका असं सांगितलंय. फौंड्रीतली वाळूची धूळ, घाम, उन्हाळ्यातली शेडमधली उष्णता हे तर वेगळंच. ६०० ते ६५० ग्रॅम चेहऱ्यावर, वर ३५३ ग्रॅमची बॅटरी वायरने खिशात. दोन तासांत ती संपते. वायर लेथच्या फिरत्या चकजवळ (काम पकडणाऱ्या भागाजवळ) नको म्हणजे नको.

मग होलोलेन्स घ्या म्हणाल, तर तोही ३,५०० डॉलर, २०१९चा, आणि चित्र दिसण्याची खिडकी लहान. केसिंग मोठी असली तर डोकं हलवून तुकड्यातुकड्यानं बघावी लागते.

अजून एक. गेल्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टनं विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी हे हेडसेटचं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानं बंद करणार म्हणून जाहीर केलं. त्यावर चालणारे हेडसेट पाच-सहा वर्षांपूर्वी अनेक कंपन्यांनी विकले होते. यंत्र धडधाकट, पण खालचा सॉफ्टवेअरचा आधार जाणार. आपल्याकडे चाळीस वर्षांचा लेथ अजून काम देतो. शाळेला, आयटीआयला एखादी वस्तू घ्यायची तर ती दहा वर्षं टिकेल का, हे आम्हाला विचारावंच लागतं.


हुपरीकर | २२ जानेवारी, सकाळी ११.३०

फिटर सरांशी सहमत. आमच्या चांदीच्या धंद्यात उलट अडचण आहे. वस्तू मुळातच बोटाएवढी, ती खऱ्या मापात बघून उपयोग नाही, दहापट मोठी बघायची असते. ते काम कॉम्प्युटरवर होतं. गिऱ्हाइकाला पैंजण पायात कसं दिसेल ते दाखवायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो. तेव्हा आमच्याकडून नकार.


पंचगंगा_घाट | २२ जानेवारी, दुपारी १२.५०

१९१८ मध्ये बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा तयार केला. परदेशी परवडत नव्हता म्हणून थांबले नाहीत. आज आपण आयात करायची की नाही एवढंच बोलतोय याचं वाईट वाटतं.


साचेवाला | २२ जानेवारी, दुपारी २.०५

वाईट वाटण्यासारखं आहे, पण कॅमेरा लेथवर आणि सुताराच्या बाकावर होऊ शकत होता. पिक्सेल आणि चिप नाही होत. आपल्या हातात एक गोष्ट आहे: त्यात दाखवायचं काय, ते तयार करणं. पॅटर्नची मॉडेलं आपली, मराठीत नावं लिहिलेली, कोअर वेगळा, मोल्ड वेगळा. ती कुठल्याही कंपनीच्या हेडसेटमध्ये उघडतील अशी करून ठेवली तर यंत्र बदललं तरी काम वाया जाणार नाही. ठाण्याची अजनालेन्स कंपनी भारतातच हेडसेट बनवते, तेही विसरू नका.


विंगेतला | २२ जानेवारी, रात्री ११.१५

हौशी रंगभूमीवर नेपथ्य लावतो. साचेवाल्यांचा प्रश्न वाचून दिवसभर डोक्यात तोच विषय.

आमचंही दुखणं मापाचंच आहे. नाटक बाहेरगावी न्यायचं तर तिथल्या रंगमंचाची रुंदी, खोली, विंगा किती, वर पडदा ओढायला जागा किती, हे फोनवर विचारून कागदावर काढतो. मग प्रत्यक्षात दार विंगेला अडतं. केशवराव भोसले नाट्यगृहाचं मात्र आम्हाला विचारावं लागत नाही, कारण ते अंगात मुरलंय. १९१५ मध्ये शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं. शेवटच्या रांगेत कुजबुज पोचते. नवीन मुलांना तालमीच्या हॉलमध्ये तोच रंगमंच खऱ्या मापात दिसला, तर "इथून तीन पावलं" म्हणजे कुठवर, ते तिथेच कळेल. आज आम्ही खडूने रेघा मारतो.

असं सगळं नाट्यगृह मोजून ठेवता येतं का?


कळंबा_नाका | २३ जानेवारी, सकाळी ९.२५

येतं. आयफोन १२ प्रोपासून पुढच्या प्रो फोनमध्ये लायडार (प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) असतो, त्याने खोल्या स्कॅन होतात. मोठ्या सभागृहाला तो कमी पडेल, त्याची झेप पाचेक मीटरची. तिथे शेकडो फोटो काढून त्यांतून मॉडेल तयार करायचं. हेडसेट लागतो तो बघायला, टिपायला नाही. वेळ काढून एकदा जाऊया.


विंगेतला | २३ जानेवारी, सकाळी ९.५०

परवानगी काढतो. उन्हाळी स्पर्धा झाल्या की.


कॅलिफोर्नियाकर | ४ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

काल दुकानात बघून आलो. चित्र आजवर पाहिलेल्या कुठल्याही हेडसेटपेक्षा स्वच्छ, हे मोकळेपणी कबूल करतो. अक्षरं वाचता येतात. नजरेने निवडणं दोन मिनिटांत अंगवळणी पडतं. पण उजेड कमी झाला की खोलीचं चित्र दाणेदार होतं, आणि मान वळवली की हलकी धूसर रेघ ओढली जाते. काढल्यावर गालावर वळ होते. साचेवाल्यांची केसिंग यात अप्रतिम दिसेल. तरी मी आणणार नाही.


विंगेतला | ११ ऑगस्ट २०२४, रात्री १०.२०

धागा वर काढतोय. ८ ऑगस्टच्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच गेला, छत गेलं, खुर्च्या गेल्या. गर्दीत उभं राहून आमच्यातली मोठी माणसं रडत होती, त्यात मीही होतो.

उन्हाळ्यात परवानगी निघाली नव्हती, नंतर पावसाळा लागला. स्कॅन झाला नाही.

पुन्हा जसंच्या तसं उभारणार असं सरकारने सांगितलंय. ते होवो. पण इथे ज्यांना यातलं कळतं त्यांना विचारतोय: आता काही करता येईल का?


कळंबा_नाका | ११ ऑगस्ट, रात्री १०.५५

येईल. लोकांकडचे जुने फोटो गोळा करून. एकाच जागेचे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो जितके जास्त, तितकं मॉडेल भरत जातं. नाटकाचे फोटो सगळ्यांकडे असतात, पण ते फक्त रंगमंचाचे. मला हवेत प्रेक्षागृहाचे: बाल्कनी, तिचे खांब, कठडा, छताची आतली बाजू, बाजूची दारं. बक्षीस समारंभात मंचावरून प्रेक्षकांकडे तोंड करून काढलेले फोटो सगळ्यांत उपयोगी. व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, तिथे चित्र दाबलं जातं. मूळ फाइल ड्राइव्हवर टाका. व्हिडिओ असेल तर फारच चांगलं, त्यातून एकेक सुटं चित्र काढता येतं.


शाहूपुरीची_आई | १२ ऑगस्ट, सकाळी ७.३०

मुलाच्या शाळेचं स्नेहसंमेलन तिथेच झालं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंतचं शूटिंग आहे, मध्ये मध्ये कॅमेरा प्रेक्षकांवर फिरवलेला. त्यात इतरांची मुलं दिसतात, म्हणून त्यांच्या आयांना विचारून मगच देते. मुलाला या कामात घ्या. हेडसेट नाही घेऊन दिला, पण हे त्याने शिकावं असं मला वाटतं.


साचेवाला | १२ ऑगस्ट, सकाळी ९.१५

ताई, पाठवा त्याला.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण याच्यावर सगळं अडणार आहे. फोटोंवरून आकार मिळतो, माप मिळत नाही. तयार झालेलं मॉडेल काडेपेटीएवढं आहे की नाट्यगृहाएवढं, हे फोटोला ठाऊक नसतं. त्यासाठी फोटोत दिसणाऱ्या एका तरी गोष्टीची खरी लांबी हवी. एक पायरी किती उंच, खुर्चीची पाठ किती रुंद, खांबापासून खांब किती. दोन-तीन मापं असली तर एकमेकांवर पडताळून बघता येतात, आणि शक्यतो मोठ्या अंतराची, म्हणजे चूक कमी. महापालिकेकडे नकाशे असतील, ते रीतसर मागूया. पण आधी लोकांकडे काय आहे ते बघू. विंगेतले, तुमच्याकडे नेपथ्याचे जुने आराखडे असतील ना?


विंगेतला | १२ ऑगस्ट, दुपारी १२.४०

आहेत. एका जुन्या नाटकाचा ग्राफ पेपरवर काढलेला आराखडा सापडला. मंचाच्या उघड्या तोंडाची रुंदी, विंगांमधलं अंतर आणि मागच्या भिंतीपर्यंतची खोली, तिन्ही फुटा-इंचात लिहिलेली आहेत, टेपने मोजून. कागद घडीवर फाटलाय पण आकडे शाबूत आहेत. आज संध्याकाळी उद्यमनगरात घेऊन येतो, तुमच्यासमोरच स्कॅन करूया.


साचेवाला | १२ ऑगस्ट, दुपारी १२.४५

सहानंतर या, मी दुकानातच आहे. कळंबा_नाका, तुम्हीही या.